परक्याला आपले मानणारे शरीर

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला घरी सोडताना डॉक्टर एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात, ती म्हणजे गोळ्या चुकवू नका. शस्त्रक्रिया उत्तम झाली, लघवी सुरू झाली, क्रिएटिनीन खाली आले, तरी रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे ठरल्या वेळी घ्यावीच लागतात, आणि तीही बहुधा जन्मभर. मूत्रपिंड आईने दिलेले असो वा भावाने, रुग्णाच्या मनाने ते केव्हाच आपले मानलेले असते. शरीराने मात्र मानलेले नसते. शरीर परक्याला ओळखते कसे आणि परक्याला आपले मानायला त्याला शिकवता येईल का, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्या प्रयोगांतून मिळाली तो माणूस शल्यविशारद नव्हता, डॉक्टरही नव्हता. तो प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याचे नाव पीटर मेडावर.

मेडावर यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्राझीलमध्ये झाला. वडील मूळचे लेबनॉनचे व्यापारी, आई इंग्रज. पहिले महायुद्ध संपल्यावर त्यांना इंग्लंडला आणण्यात आले आणि पुढे मार्लबरो येथील निवासी शाळेत घालण्यात आले. तिथले वातावरण त्यांना कधीच मानवले नाही, पण जीवशास्त्राची गोडी मात्र तिथेच लागली. १९३२ मध्ये ते ऑक्सफर्डच्या मॅग्डालेन कॉलेजात दाखल झाले आणि १९३५ मध्ये प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. नंतर ते हॉवर्ड फ्लोरी यांच्या विकृतिशास्त्र विभागात काम करू लागले. पेनिसिलिनचे औषध याच प्रयोगशाळेत घडत होते. सहा फुटांहून अधिक उंची, क्रिकेट आणि ऑपेराचा शौक, बोलण्यात धार आणि कामाचा प्रचंड उरक असा हा तरुण होता. १९३७ मध्ये त्यांनी जीन टेलर या प्राणिशास्त्राच्याच विद्यार्थिनीशी लग्न केले.

त्यांच्या संशोधनाला दिशा मिळाली ती युद्धामुळे. १९४० मध्ये ऑक्सफर्डला त्यांच्या घराजवळ एक बॉम्बफेकी विमान कोसळले. त्यातला एक तरुण भयंकर भाजला होता. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मेडावर यांना त्याला पाहायला बोलावले. ऊतींवर काम करणारा शास्त्रज्ञ काही मार्ग सुचवतो का, हे त्यांना पाहायचे होते. प्रयोगशाळेच्या काचपात्रांत रमलेल्या मेडावर यांच्यासमोर आता एक जिवंत, वेदनेने तळमळणारा माणूस होता.

भाजलेल्या रुग्णांचा प्रश्न त्या काळात नव्याने उभा राहिला होता. पूर्वी मोठ्या प्रमाणात भाजलेला माणूस पहिल्या दोन-तीन दिवसांतच दगावत असे. रक्त आणि रक्तद्रव चढवण्याची सोय झाली, सल्फा औषधे आली, तसे हे रुग्ण पहिल्या धक्क्यातून वाचू लागले. पण त्वचा गेलेल्या जागेतून पाणी आणि प्रथिने झिरपत राहतात, जंतू आत शिरतात, आणि रुग्ण आठवडेन् आठवडे झिजत जातो. त्या उघड्या जागेवर कातडी लावणे हाच खरा उपाय असतो. थोडे भाजले असेल तर रुग्णाच्याच मांडीची कातडी काढून लावता येते. पण निम्म्याहून अधिक अंग भाजलेल्या माणसाकडे काढायला कातडी उरतेच किती?

मग दुसऱ्या कोणाची कातडी का लावू नये? आंब्याच्या रोपावर दुसऱ्या झाडाची काडी बांधली की कलम जगते. हापूसच्या बागा याच कसबावर उभ्या आहेत. माणसाच्या कातडीचे तसे होत नाही. दुसऱ्याची कातडी आधी छान चिकटते, गुलाबी दिसते, तिच्यात रक्तही खेळू लागते. मग काही दिवसांतच ती काळवंडते, सुकते आणि गळून पडते. शल्यविशारदांना हा अनुभव होता. एकाच बीजांडापासून झालेल्या, हुबेहूब सारख्या जुळ्यांत मात्र कातडी टिकते, अशाही नोंदी होत्या. पण इतरांत ती का टिकत नाही, यावर एकमत नव्हते. काहींना हा शस्त्रक्रियेच्या तंत्राचा दोष वाटत होता. हात अधिक सफाईदार झाला की कातडी टिकेल, अशी त्यांची आशा होती.

मेडावर यांनी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत मुक्काम केला आणि तिथले प्लास्टिक सर्जन थॉमस गिब्सन यांच्याबरोबर काम सुरू केले. तिथे भाजलेल्या एका तरुण स्त्रीच्या जखमेवर तिच्या स्वतःच्या कातडीचे आणि तिच्या भावाच्या कातडीचे लहान लहान तुकडे लावण्यात आले. तिचे स्वतःचे तुकडे जगले, भावाचे गळाले. काही दिवसांनी भावाच्याच कातडीचे तुकडे पुन्हा लावले, तेव्हा ते पहिल्यापेक्षा बरेच लवकर नष्ट झाले.

वरवर पाहता हे दुसरे अपयश होते. पण मेडावर यांनी त्यातला अर्थ नेमका हेरला. सर्जनचा हात तोच, दाता तोच, जखमही तीच. मग दुसऱ्या वेळी नकार अधिक जलद का आला? कारण शरीराला पहिली भेट आठवत होती. आठवण ठेवून दुसऱ्या वेळी अधिक वेगाने तुटून पडणे हा प्रतिकारयंत्रणेचा स्वभाव. देवी किंवा गोवर एकदा झाला की शरीर त्याला विसरत नाही आणि लस याच स्मरणशक्तीवर चालते. रोगजंतूंपासून वाचवणारी यंत्रणाच भावाने दिलेली कातडी फेकून देत होती. गिब्सन आणि मेडावर यांचा हा निबंध १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला.

एका रुग्णाच्या निरीक्षणावर सिद्धान्त उभा राहत नाही, हे मेडावर जाणून होते. ऑक्सफर्डला परतल्यावर त्यांनी पंचवीस ससे घेतले आणि प्रत्येकाची कातडी प्रत्येकाला लावून पाहिली. अशी ६२५ रोपणे झाली. प्रत्येक तुकडा ठरावीक दिवसांनी काढायचा, त्याचे पातळ काप करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. निष्कर्ष स्वच्छ होते. सशाची स्वतःची कातडी टिके, परकी जाई. त्याच दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली तर ती लवकर जाई. दाता बदलला, तर मात्र ही घाई तशीच दिसत नसे. म्हणजे शरीर नुसते परके एवढेच ओळखत नव्हते, नेमका कोणता परका हेही लक्षात ठेवत होते. अवयव नाकारला जाणे हा तंत्राचा दोष नसून प्रतिकारयंत्रणेचे काम आहे, हे या सशांनी सिद्ध केले. मात्र त्यामुळे आशा वाढली नाही, उलट मावळली. हात सफाईदार करता येतो, पण निसर्गाची भिंत कशी ओलांडायची?

ती भिंत ओलांडता येते याचा पहिला सुगावा गोठ्यात लागला. १९४७ मध्ये मेडावर बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचे विद्यार्थी रूपर्ट बिलिंगहॅम त्यांच्याबरोबर तिथे गेले. पुढच्या वर्षी स्टॉकहोमला आनुवंशशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे ह्यू डोनाल्ड या पशुसंशोधकाने मेडावर यांच्यापुढे एक अडचण मांडली. जुळ्या वासरांपैकी एकाच बीजांडापासून झालेली कोणती आणि दोन वेगळ्या बीजांडांची कोणती, हे खात्रीने कसे सांगायचे? वासरात चाऱ्याचा भाग किती आणि रक्ताचा किती, हे तपासणाऱ्यांना ही खात्री हवी होती. मेडावर यांना उत्तर अगदी सोपे वाटले. एकाची कातडी दुसऱ्याला लावा. टिकली तर सारखी जुळी, गळाली तर वेगळी.

बोलल्याप्रमाणे करून दाखवायला बिलिंगहॅम आणि मेडावर स्टॅफर्डशायरमधल्या एका शेतावर गेले. तिथे निकाल उलटाच लागला. जवळजवळ सगळ्याच जुळ्यांनी एकमेकांची कातडी स्वीकारली. एक गोऱ्हा आणि एक कालवड अशा जोड्यांतही ती टिकली. नर आणि मादी एकाच बीजांडाची असणे शक्यच नव्हते. वेगवेगळ्या वेळी जन्मलेल्या सख्ख्या भावंडांत मात्र कातडी नेहमीप्रमाणे गळून पडली. डोनाल्ड यांना हवी होती ती चाचणी फसली आणि मेडावर यांच्या हाती त्याहून मोठे कोडे आले.

कोड्याची किल्ली आधीच छापून झालेली होती. अमेरिकेत विस्कॉन्सिनला रे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले होते की जुळ्या वासरांच्या अंगात दोन प्रकारच्या रक्तपेशी असतात, एक स्वतःच्या आणि एक जुळ्या भावंडाच्या. गाईच्या गर्भाशयात जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि दोघांचे रक्त मिसळते. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते, तीही याच मिसळीमुळे. या देवाणघेवाणीत रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशीच एकमेकांकडे जातात आणि आयुष्यभर तिथे नांदतात. ऑस्ट्रेलियातले मॅकफार्लेन बर्नेट आणि फ्रँक फेनर यांनी १९४९ मध्ये यावरून एक तर्क मांडला. आपले कोण आणि परके कोण हे शरीर जन्मतःच जाणत नाही. ते गर्भावस्थेत शिकते. त्या काळात जे जे भेटते, ते ते शरीर आपले मानते. तर्क सुंदर होता, पण प्रयोगाचा पुरावा बर्नेट यांना मिळत नव्हता.

तो पुरावा लंडनला मिळाला. १९५१ मध्ये मेडावर युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. बिलिंगहॅम बरोबर होतेच. तिसरा आला तो लेस्ली ब्रेंट. नाझी जर्मनीतून ज्यू मुलांना वाचवण्यासाठी १९३८ मध्ये ज्या गाड्या इंग्लंडकडे निघाल्या, त्यांतून आलेला हा मुलगा. त्याचे आईवडील मागे राहिले आणि नाझींच्या हत्याकांडात मारले गेले. या तिघांनी उंदरांच्या दोन जाती निवडल्या. पिढ्यान् पिढ्या आपसातच वाढवल्याने एका जातीतले सगळे उंदीर जणू एकमेकांची जुळी भावंडे असतात. एक जात तपकिरी, दुसरी पांढरी. एरवी तपकिरी उंदराला पांढऱ्या उंदराची कातडी लावली तर ती दहा-बारा दिवसांत जाते.

गाभण तपकिरी मादीच्या पोटातल्या पिलांना, ती गर्भातच असताना, पांढऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी बारीक सुईने टोचण्यात आल्या. पिले जन्मली, वाढली. सुमारे आठ आठवड्यांनी त्यांच्या अंगावर पांढऱ्या उंदराची कातडी लावली. एका प्रयोगात जगलेल्या पाच पिलांपैकी तिघांच्या अंगावर ती टिकली. तपकिरी पाठीवर पांढऱ्या केसांचा तुकडा दिमाखात वाढू लागला. याच उंदरांना तिसऱ्याच जातीची कातडी लावली, तर ती मात्र नेहमीप्रमाणे नाकारली गेली. म्हणजे त्यांची प्रतिकारशक्ती दुबळी झाली नव्हती. तिने फक्त एका विशिष्ट परक्याला आपल्यांत घेतले होते.

पुढचा प्रयोग याहून चोख होता. पांढरी कातडी आपला परकेपणा हरवून बसली म्हणून टिकली, की यजमान उंदराने ती स्वीकारली म्हणून? पांढऱ्या कातडीशी आधी लढलेल्या दुसऱ्या तपकिरी उंदराच्या लसिकाग्रंथींतल्या पेशी त्यांनी या उंदराला टोचल्या. इतके दिवस सुखाने वाढत असलेला पांढरा तुकडा नष्ट झाला. कातडी परकीच राहिली होती. बदल झाला होता तो यजमानात. १९५३ च्या ऑक्टोबरात नेचर या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले. प्रागमध्ये मिलान हाशेक यांनीही त्याच सुमारास, कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांचे रक्त एकमेकांत मिसळून, स्वतंत्रपणे असाच परिणाम दाखवला होता.

या शोधाचा रुग्णांना लगेच काय उपयोग झाला? काहीही नाही. रॉय कॅल्न हा तरुण श्रोत्यांत असलेल्या एका व्याख्यानानंतर हाच प्रश्न विचारला गेला, तेव्हा मेडावर यांनीही तसेच स्पष्ट उत्तर दिले. त्यात खोटा विनय नव्हता. कोणाला पन्नासाव्या वर्षी कोणाचे मूत्रपिंड लागेल हे त्याच्या गर्भावस्थेत कसे कळणार? शिवाय एक धोकाही पुढे आला. बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांना आढळले की नवजात उंदरांना प्रौढ उंदराच्या लसिकापेशी टोचल्या तर काही पिले खुरटतात, झिजतात आणि मरतात. आता यजमान पाहुण्याला नाकारत नव्हता, तर पाहुण्या पेशीच यजमानावर उलटत होत्या. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर पुरळ, जुलाब, कावीळ अशा रूपांत दिसणारी आणि डॉक्टरांना आजही चिंतेत टाकणारी गुंतागुंत हीच.

तरीही त्या तपकिरी उंदरांनी एक मोठे काम केले. भिंत अभेद्य नाही, हे त्यांनी दाखवले. अशक्य म्हणून सोडून दिलेली गोष्ट निदान एका प्राण्यात, एका मार्गाने शक्य आहे हे कळताच इतर मार्गांचा शोध सुरू झाला. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टनला जोसेफ मरे यांनी सारख्या जुळ्या भावांत मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण केले. जुळे नसलेल्यांचे काय, हा प्रश्न उरला. मेडावर यांच्या उत्तराने नाउमेद न झालेल्या कॅल्न यांनी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा मार्ग धरला. अझाथायोप्रिन, त्याच्या जोडीला स्टेरॉइड आणि पुढे १९७८ मध्ये सायक्लोस्पोरिन, अशा पायऱ्यांनी प्रत्यारोपण हा रोजचा उपचार झाला.

१९६० चे नोबेल पारितोषिक बर्नेट आणि मेडावर यांना विभागून मिळाले. मेडावर यांनी बक्षिसाच्या रकमेतला वाटा बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांना दिला. ज्यांच्या वासरांनी हा रस्ता दाखवला त्या ओवेन यांना पत्र लिहून, या मानात तुम्हीही असायला हवे होते, असे त्यांनी कळवले. श्रेयासाठी भांडणे विज्ञानात नवी नाहीत. मिळालेले श्रेय वाटून टाकणारे थोडे.

१९६२ मध्ये ते लंडनच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक झाले. प्रशासन सांभाळूनही त्यांनी प्रयोग सोडले नाहीत. लसिकापेशींविरुद्ध तयार केलेल्या रक्तजलाने प्रतिकार दाबण्यावर त्यांनी तिथे काम केले. त्या जातीची औषधे प्रत्यारोपण विभागात आजही वापरात आहेत. १९६९ मध्ये ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष या नात्याने ते एक्झिटरला गेले. तिथल्या कॅथीड्रलमध्ये वाचन करत असतानाच त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वय अवघे चोपन्न. जीव वाचला, पण डावे अंग लुळे पडले आणि दृष्टीचा डावा भाग गेला.

हातांनी नाजूक शस्त्रक्रिया करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्यासाठी हा घाव साधा नव्हता. संचालकपद त्यांनी १९७१ मध्ये सोडले. काम मात्र सोडले नाही. लंडनजवळच्या नॉर्थविक पार्कमधील संशोधन केंद्रात ते सहकाऱ्यांच्या हातांनी प्रयोग करत राहिले आणि एका हाताने पुस्तके लिहीत राहिले. तरुण शास्त्रज्ञांना सल्ला देणारे त्यांचे छोटेखानी पुस्तक १९७९ चे, आत्मचरित्र १९८६ चे, दोन्ही या आजारपणातली. नंतरही पक्षाघाताचे झटके आले. जीन यांची साथ शेवटपर्यंत होती. २ ऑक्टोबर १९८७ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

मेडावर यांचा मूळ प्रश्न भाजलेल्या माणसाच्या कातडीचा होता. त्याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. मरणोत्तर दान केलेली त्वचा महाराष्ट्रातल्या त्वचापेढ्यांत जपली जाते आणि मोठ्या प्रमाणात भाजलेल्यांना लावली जाते. ती काही आठवड्यांनी निघून जाते, सशांच्या अंगावरून जायची तशीच. पण तेवढ्या अवधीत पाण्याची गळती थांबते, जंतू अडतात, वेदना कमी होतात आणि रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेला सवड मिळते. ती टिकणार नाही हे आधीच माहीत असल्यामुळेच तिचा असा उपयोग करता येतो.

उरलेल्या उत्तराचा शोध सुरू आहे. अमेरिकेत काही मोजक्या रुग्णांना मूत्रपिंडाबरोबर त्याच दात्याचा अस्थिमज्जाही देण्यात आला आणि त्यांपैकी काहींच्या गोळ्या पुढे बंद करता आल्या. दोन प्रकारच्या रक्तपेशी अंगी वागवणाऱ्या वासरांचाच हा मार्ग, फक्त प्रौढ वयात आखलेला. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले, तेही प्रतिकारयंत्रणेला आवर घालून आपल्याच शरीरावर हल्ला करण्यापासून रोखणाऱ्या पेशींच्या शोधाबद्दल. या पेशी वापरून नवा अवयव शरीराच्या गळी उतरवता येईल का, हे आता तपासले जात आहे. ते साधेपर्यंत प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येकाने एवढेच करायचे आहे, की बरे वाटते म्हणून गोळी आपणहून बंद करायची नाही. शरीराने ते मूत्रपिंड अजून आपले मानलेले नाही, गोळीमुळे ते फक्त गप्प बसलेले आहे.